एकशेवीस पानांची गंजिफा: शिकावी की नाही?

लातूरच्या सीमेपलीकडे बसवकल्याण आहे. हीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. येथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्याच्या पाच विंशतींपैकी अखेरची विंशती सर्वस्वी क्रीडांची, आणि तीत बुद्धिबळही आहे. खेळ शिकणे हा राजाच्या शिक्षणाचा भाग होता. पुढे दख्खनेत रुजलेल्या गंजिफेने मात्र शिकणाऱ्याची खरी परीक्षा घेतली.

गंजिफा इराणी परंपरेतून आली. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफेची पाने पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मुघल संचात ८ रंग आणि ९६ पाने असत. दशावतारी संचात १० अवतारांचे १० रंग, प्रत्येकी राजा, प्रधान आणि १ ते १० अशी १२ पाने, एकूण १२०.

येथवर सोपे वाटते. पण पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाचांत नेमके उलट. दिवसा खेळाची सुरुवात रामाच्या राजाने, रात्री कृष्णाच्या. तिघांत प्रत्येकाच्या हाती ४० पाने येतात. आजच्या अर्थाचा हुकुमाचा रंग येथे नाही. एखाद्या रंगात अद्याप न पडलेले सर्वांत मोठे पान, तेच ‘हुकूम’. म्हणजे प्रत्येक हातानंतर हुकूम बदलू शकतो. कोणती पाने पडून गेली, हे दहाही रंगांत ध्यानी ठेवणे हाच खरा खेळ. नियम एका संध्याकाळी कळतात, स्मरणशक्ती त्या वेगाने तयार होत नाही.

या पानांचे एक प्रसिद्ध केंद्र नांदेडपासून फार दूर नाही. गोदावरीच्या प्रवाहाबरोबर बासरपर्यंत उतरले की पुढे नदीच्या उत्तरेस निर्मळ लागते. १९५६ पर्यंत नांदेड आणि निर्मळ एकाच हैदराबाद राज्यात होते. निर्मळचे चित्रकार ही वाटोळी पाने हाताने रंगवीत.

एकोणिसाव्या शतकात युरोपातून छापील ५२ पत्ते आले. ते स्वस्त होते, आणि चार रंग लक्षात ठेवणे कोणालाही जमे. हाताने रंगवलेल्या संचाला ही स्पर्धा झेपली नाही. सावंतवाडीत राजघराण्याच्या आश्रयाने कला पुन्हा उभी राहिली खरी, पण संच आता बहुधा काचेच्या चौकटीत जातो. चित्र वाचले, खेळ मागे पडला. हा सौदा फारसा चांगला म्हणता येणार नाही.

मग शिकावी काय? पत्त्यांत ‘आता याच्याकडे काय उरले असेल’ हा हिशेब ज्याला आवडतो, त्याने अवश्य. दोन संध्याकाळींत जिंकण्याची घाई असणाऱ्याने रमीच बरी. मोठी अडचण वेगळीच आहे: संच विकत मिळतो, पण १२० पाने लक्षात ठेवायला तयार असलेले आणखी दोघे बाजारात मिळत नाहीत. त्यांना आधी शिकवावे लागते.