डावाची भाकणूक

रविवार हा जोतिबाचा वार. २०२५ च्या नोव्हेंबरातल्या अशाच एका रविवारी दर्शन उरकून, कपाळावरचा गुलाल तसाच ठेवून, मी डोंगरावरच्या एका चहाच्या टपरीत मोबाइल उघडून बसलो होतो. तिकडे गोव्यात, बार्देशातल्या हडफडे गावी, बुद्धिबळाचा विश्वचषक चालू होता. २०६ खेळाडू, हरला तो घरी. आदल्याच दिवशी जगज्जेता आणि अग्रमानांकित डी. गुकेश तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानकडून हरला होता. तो डाव मी पुन्हा पुन्हा मागेपुढे करून बघत होतो.

शेजारच्या बाकावर मोडक्या कानांचे एक म्हातारे पैलवान होते. त्यांनी पडद्यात डोकावून विचारलं, "कोण मारनार?"

म्हटलं, "आकड्यावरनं गुकेशच मारायला हवा होता. काल तोच पडला."

"आकडा कसला? जोड लावली कुनी?"

या प्रश्नाचं उत्तर त्या बाकावर मला नीट देता आलं नाही, म्हणून इथे देतो आहे.

कोल्हापूरच्या कुस्तीत निकालाचं भाकीत वेगळं करावं लागत नाही, ते जोडीतच असतं. पोराची अंगलट, तालीम, मागच्या मैदानात त्यानं कुणाला चीत केलं आणि कुणाशी तो बरोबरीत सुटला, हे सगळं वस्तादाच्या डोक्यात असतं. त्यावरून तो ठरवतो, याला तो चालेल, त्याला हा चालणार नाही. जोड लावणं म्हणजे ‘या दोघांत कुणीही मारू शकेल’ असं भाकीत करणं. जोड चुकली तर कुस्ती दोन मिनिटांत संपते आणि लोक शिट्ट्या मारतात.

भाषेनेही या दोन खेळांची सोयरीक कधीच जमवून ठेवली आहे. कुस्तीत ढाक, मोळी, कलाजंग हा एकेक ‘डाव’. बुद्धिबळात सुरुवातीपासून मातेपर्यंतचा अख्खा खेळ मिळून एक ‘डाव’. पैलवान ‘पट’ काढतो, आपण ‘पट’ मांडतो. आणि ‘भाकीत’ हा शब्द तर याच मुलखात अजून जिवंत आहे. हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीला बिरदेवाच्या जत्रेत पावसापाण्याची, पिकांची, राजकारणाची ‘भाकणूक’ होते आणि लोक ती कान देऊन ऐकतात. भाक म्हणजे दिलेला शब्द. शब्द खरा ठरला की खोटा, हे मागाहून तपासता आलं पाहिजे. तपासायचं तर आधी लिहून ठेवलं पाहिजे. बुद्धिबळात ही लिहून ठेवण्याची युक्ती कुठून आली?

तिचा एक फार जुना धागा आपल्याच दख्खनेत सापडतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यात स्वयंपाकापासून हत्ती पकडण्यापर्यंत सगळं आहे, तसं बुद्धिबळही आहे. घोडा चौसष्ट घरांतून, एकाही घरात दुसऱ्यांदा पाय न ठेवता कसा फिरवायचा, हे सांगताना त्याने घरांना नावं दिली ती अक्षरांनी. पटाच्या एका बाजूला व्यंजनं, दुसऱ्या बाजूला स्वर. दोन्ही मिळून एक अक्षर, ते अक्षर म्हणजे एक घर. आपली बाराखडीच पटावर अंथरली म्हणा ना! जोतिबाच्या डोंगरावरून समोर पन्हाळा दिसतो. सोमेश्वराच्या काळी या भागात शिलाहारांची सत्ता होती, आणि ते चालुक्यांचे मांडलिक. युरोपात घराला अक्षर आणि आकडा देण्याची पद्धत अलेप्पोच्या फिलिप स्टॅमाच्या पुस्तकात आली १७३७ साली, म्हणजे सहाशे वर्षांनी. मला याचा उगीच अभिमान वाटतो.

उगीच म्हणतो, कारण त्या बाराखडीचा उपयोग आपण डाव टिपून ठेवायला केला नाही. मूळच्या पैठणच्या आणि काशीत जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यातल्या नीळकंठाने ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाबद्दल लिहिलं, तेव्हाही घोड्याची फेरी श्लोकांत बांधली. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं पुस्तक १८१४ मध्ये मुंबईत इंग्रजीत छापलं गेलं. त्यातही मुख्यतः मांडण्या आहेत, म्हणजे ‘इतक्या खेळ्यांत मात करा’ अशी कोडी. आपल्याला कोड्याची गोडी. अमक्याने तमक्याला हरवलं तो अख्खा डाव, चुकांसकट, कुणी जपायचा? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रेनशी शेकडो डाव खेळले. ते आज खेळून बघता येतात ते कॉक्रेनने टिपून ठेवले म्हणून. ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव पडलं ते त्याच डावांवरून.

डाव लिहिले जाऊ लागले तशी चिरफाडही सुरू झाली. १८५१ साली लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, सोळा खेळाडूंची. भरवणारा हॉवर्ड स्टाँटन, जिंकेल असं ज्याच्याबद्दल बोललं जात होतं तोही स्टाँटनच. त्याला अ‍ॅडॉल्फ अँडरसन या जर्मन शिक्षकाने वाटेतच पाडलं, आणि पुढे स्पर्धाही जिंकली. पुढच्या वर्षी त्या स्पर्धेचं पुस्तक काढलं ते स्टाँटननेच. आपल्याच पराभवाचं समालोचन आपणच लिहायचं! प्रकृती बरी नव्हती वगैरे त्यात आहेच. हे कारण आपल्याकडच्या आखाड्यांनाही अनोळखी नाही.

आता पैलवानांच्या प्रश्नाकडे. बुद्धिबळातला वस्ताद म्हणजे आर्पाद एलो. जन्म हंगेरीतला, १९०३ चा. अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, आणि स्वतः विस्कॉन्सिन राज्याचा अनेकदा विजेता. त्याची रेटिंगची पद्धत अमेरिकेच्या संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली. लोक समजतात की रेटिंग म्हणजे खेळाडूला दिलेले मार्क. तसं नाही. एकटा आकडा काहीच सांगत नाही. दोन आकड्यांमधलं अंतर बोलतं. शंभराचं अंतर असेल तर वरच्याने शंभर डावांत चौसष्ट गुण मिळवावेत, दोनशेचं असेल तर सुमारे शहात्तर. बरोबरीचा अर्धा गुण यात धरलेला आहे. म्हणजे प्रत्येक डाव सुरू होण्याआधीच भाकीत झालेलं असतं.

यातली खरी हुशारी पुढे आहे. डाव संपला की भाकीत आणि निकाल शेजारी ठेवायचे आणि जेवढा फरक पडेल त्या प्रमाणात आकडा हलवायचा. हा फरक ज्याने गुणायचा तो गुणक २४०० च्या वर पोचलेल्या खेळाडूंना १०. शंभराने वरचा खेळाडू जिंकला तर त्याला ३.६ गुण मिळतात, कारण ०.६४ अपेक्षितच होतं. हरला तर ६.४ जातात. गुकेश आणि स्वान यांच्यात अंतर शंभराहून थोडं अधिकच होतं. भाकणुकीत पाऊस हुकला तर पुढच्या वर्षी नवी भाकणूक होते. एलोचा आकडा मात्र चुकल्याचा दंड भरतो आणि सुधारून पुढच्या डावाला उभा राहतो. माझ्या मते विसाव्या शतकात बुद्धिबळाला मिळालेली ही सगळ्यात प्रामाणिक वस्तू आहे. संगणकाहूनही. संगणक चूक कुठे झाली ते सांगतो. ती चूक त्या माणसाकडून किती अपेक्षित होती, हे आकडा सांगतो.

तरी शंभरातले छत्तीस गुण खालच्याचे असतात, आणि ते कोणत्या दिवशी पडतील ते आकड्याला माहीत नसतं. २०२५ च्याच जुलैत बातुमीला महिलांचा विश्वचषक झाला. पंधरावं मानांकन असलेली नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून विजेती ठरली.

पैलवानांना मी हे सगळं तिथे चार वाक्यांत सांगायचा प्रयत्न केला होता. ते म्हणाले, "म्हंजे तुमचा आकडाच वस्ताद. पर जोड तर चिठ्ठ्या टाकूनच लावल्यागत दिसती." तसं नव्हतं, पहिल्या फेरीत वरच्यांसमोर खालचे येतील अशीच रचना मानांकनावरून करतात, म्हणजे कुस्तीच्या नेमकं उलट. ते ऐकून त्यांनी मान हलवली. "मग मज्जा कशी यायची?" असं म्हणून त्यांनी एक चहाची पैज लावली. मी प्रज्ञानंद आणि अर्जुन एरिगैसी अशी दोन नावं घेतली. त्यांनी नावं न घेता नुसतं सांगितलं, "तिसराच कोनतर मारनार."

प्रज्ञानंद चौथ्या फेरीत दुबोवकडून हरला, अर्जुन उपांत्यपूर्व फेरीत वेई यीकडून. २६ नोव्हेंबरला त्या वेई यीला टायब्रेकमध्ये हरवून विश्वचषक उचलला उझबेकिस्तानच्या १९ वर्षांच्या जावोखिर सिंदारोवने. त्याचं मानांकन होतं सोळावं. चहाचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.