आत्मचरित्राची लेखणी अडते तेव्हा...

निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहायला बसलेल्या बहुतेकांच्या वहीतील पहिले वाक्य सारखेच असते. 'माझा जन्म अमुक गावी, अमुक साली झाला.' मग घराणे, वाडा, शाळा अशी दोन-चार पाने भरतात आणि लेखणी थांबते. वही कपाटात जाते. पुढे ती बाहेर निघते, ती बहुधा घरातील मंडळी रद्दी आवरायला काढतात तेव्हा! वाशिमसारख्या जिल्ह्यात हे नुकसान एका घरापुरते नसते. येथील खेड्यांनी आणि तांड्यांनी पाहिलेला काळ बऱ्याच अंशी वृद्धांच्या स्मरणातच आहे. त्यांच्याबरोबर तोही जातो. म्हणूनच ही लेखणी का अडते आणि पुन्हा चालती कशी करावी, याचा विचार उपयुक्त ठरावा.

जन्मापासून प्रारंभ नको

स्वतःचा जन्म कोणालाच आठवत नाही. ती ऐकीव माहिती असते आणि ऐकीव माहिती लवकर संपते. त्यापेक्षा डोळ्यांसमोर स्पष्ट उभा राहणारा एखादा दिवस निवडावा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आई, पहिल्या पगाराचा दिवस, शेत विकले गेले ती संध्याकाळ, असे काहीही चालेल. क्रम नंतर लावता येतो. सारे आयुष्य एकाच पुस्तकात बसवण्याचीही गरज नाही. आनंद यादव यांनी 'झोंबी'त (१९८७) बालपण आणि शिक्षणासाठीची धडपड मांडली. पुढील आयुष्य 'नांगरणी', 'घरभिंती' आणि 'काचवेल' या स्वतंत्र पुस्तकांत आले. 'झोंबी'ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

जुने कागद बोलतात

आठवत नसेल तेव्हा कपाळाला हात लावून बसण्यापेक्षा ट्रंक उघडावी. शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, फेरफार, लग्नपत्रिका, जुने पासबुक यांतील एखादी नोंद संपूर्ण प्रकरण जागे करते. अकोल्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे येथील प्रौढांच्या जुन्या कागदांवर 'जिल्हा अकोला' असे आढळते. तेवढ्या दोन शब्दांवरूनही अकोल्याला घातलेल्या खेपा, तेथील कचेरी आणि मुक्कामाच्या रात्री आठवू लागतात.

साल आठवत नसल्यास सार्वजनिक घटनेचा आधार घ्यावा. ते आणीबाणीच्या आधीचे की नंतरचे? अकोला-पूर्णा मार्गावर मीटरगेज गाडी धावत होती तेव्हाचे की २००८ मध्ये ब्रॉडगेज झाल्यानंतरचे? कारंज्याहून जाणारी 'शकुंतला' तेव्हा सुरू होती का? अशा प्रश्नांनी काळ निश्चित होत जातो. तरीही तारीख सापडली नाही, तर जागा कोरी सोडून पुढे जावे.

छापील भाषेचे दडपण

पुष्कळांना घटना आठवतात, परंतु त्या 'पुस्तकी' मराठीत उतरत नाहीत. घरात वऱ्हाडी किंवा बंजारा बोली आणि कागदावर मात्र प्रमाणभाषा, या ओढाताणीत वाक्यच सुचेनासे होते. अशांनी निदान संवाद तरी ज्या बोलीत झाले, त्याच बोलीत लिहावेत. वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीने केव्हाच सिद्ध केले आहे. लक्ष्मीबाई टिळक तर विवाहानंतर लिहा-वाचायला शिकल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' आजही वाचली जातात, ती त्यातील बोलक्या, निर्मळ भाषेमुळे.

ऐकणारा हवा

सर्वांसाठी लिहू गेल्यास कोणाशीच बोलणे होत नाही. त्यामुळे नातू, जुना मित्र असा एखादा श्रोता मनात धरावा. दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांनाच सांगतो. तेथे लेखक स्वतःच स्वतःचा श्रोता झाला आहे. नरेंद्र जाधव यांनी निवृत्त आणि अल्पशिक्षित वडिलांना, दामोदर जाधव यांना, आठवणी लिहिण्यास प्रवृत्त केले. 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) या पुस्तकाचा तो पाया ठरला. हात थरथरत असल्यास मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि घरातील एखाद्याने ते उतरवून घ्यावे.

भय वेगळे, लेखन वेगळे

असे असले तरी अनेकांची लेखणी अडते ती आठवणींअभावी नव्हे, भीतीमुळे. भावाभावांतील जमिनीचा वाद, जातीवरून झालेला अपमान, घरातील दारू लिहायची, तर लोक काय म्हणतील? फलटणच्या बेबी कांबळे दुकानात बसून लिहीत आणि ते लेखन घरच्यांपासून लपवून ठेवीत. वर्षानुवर्षे दडलेले ते लिखाण 'जिणं आमुचं' या नावाने १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. लिहिणे आणि प्रसिद्ध करणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, एवढे त्यावरून ध्यानी घ्यावे. दुसरा निर्णय पुढे ढकलला की पहिला सोपा होतो.

प्रसिद्धीच्या वेळी नावे बदलता येतात, इतरांच्या खासगी गोष्टी वगळता येतात. कथा-कादंबरीचा मार्गही खुला असतोच. वाशिमचे नामदेव कांबळे यांनी 'राघववेळ'मध्ये दलित कुटुंबातील आई व मुलाचे जगणे कादंबरीच्या रूपात मांडले. या कादंबरीला १९९५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तर २०२१ मध्ये लेखकाला पद्मश्रीने गौरवण्यात आले.

रोज ठरावीक वेळी अर्धा तास लिहावे. प्रसंग रंगात आला असतानाच थांबावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोठून सुरुवात करायची हा प्रश्न उरत नाही. मागचे वाचून खोडत बसू नये. दुरुस्ती करायला पुढे कोणीही भेटेल. आठवण सांगणारे मात्र आपणच असतो.