क्लिकच्या आधीचा लेहरा

स्टुडिओत वाजवताना वादकाच्या कानात हेडफोनमधून जी टिकटिक चालू असते, तिला सगळे नुसतं 'क्लिक' म्हणतात. हल्ली मोठ्या जाहीर कार्यक्रमांतही ड्रमवादकाच्या कानात ती असते. ही यंत्राची लय बाहेरून आली आणि तिने आपल्या संगीतातला जिवंतपणा घालवला, अशी तक्रार जाणकार मंडळी नेहमी करतात. ती बाहेरून आली हे खरंच आहे. तक्रारीचा उरलेला भाग मात्र तपासून घ्यायला हवा. काळ मोजण्याचं काम दुसऱ्यावर सोपवायची रीत आपल्याकडे यंत्राच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात त्या रीतीचे जुनेनवे सगळे टप्पे आजही एकमेकांशेजारी नांदताना दिसतात. क्लिकने घडवलेला खरा बदल वेगळाच आहे: काळ मोजणाऱ्याला ऐकू येणं बंद झालं.

धृपदात गायक स्वतः हातावर ताल धरतो आणि पखवाजी त्याच्याबरोबरीने बोल रचत जातो. दोघेही काळ सांभाळतात आणि दोघेही खेळतात. ख्याल आला तशी वाटणी बदलली. तबलजीने ठरलेला ठेका धरून ठेवायचा आणि त्या आधारावर गायकाने मोकळं व्हायचं, हा करार रूढ झाला. विलंबित ख्यालात तर तबलजीकडून बराच वेळ स्वच्छ, भरीव ठेक्यापलीकडे काही अपेक्षित नसतं. तबल्याच्या स्वतंत्र वादनात हीच वाटणी उलटी होते. तिथे तबलजी मोकळा, आणि पेटीवाला किंवा सारंगिया एका आवर्तनाची तीच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. हा लेहरा. पेशकार, कायदा, रेला, चक्रदार असं सगळं त्या आवर्तनाच्या ठरलेल्या मात्रांच्या कुंपणात चालतं, आणि वादक समेवर नेमका आला की घसरला, हे श्रोत्याला लेहऱ्यावरूनच कळतं. नेमलेल्या कामापुरतं पाहिलं, तर लेहरा म्हणजे क्लिकच. ठाण्याला या विद्येची थोर परंपरा लाभली आहे. अहमदजान थिरकवाँचे शिष्य पं. भाई गायतोंडे यांचं वास्तव्य ठाण्यात होतं, आणि लयतालावर विलक्षण हुकमत असलेले पं. राम मराठे हेही ठाण्याचेच. दोघांनीही जगन्नाथबुवा पुरोहितांकडे विद्या घेतली होती.

मग फरक काय? लेहरा धरणारा स्वतः काही रचत नाही, पण तो सतत कान देऊन असतो. विलंबितातून मध्य लयीत जायची वेळ आली, की एका नजरेवर तो लय उचलतो. तिहाई समेवर येताना तबलजीने शेवटची थाप केसभर रोखली, तर पेटीची सम त्या थापेला सांभाळून घेते. मैफलीत लय वाढवणं ही कला आहे आणि लय पळणं हा दोष आहे. या दोहोंतला भेद ज्याच्या कानाला कळतो, त्याच्याच हाती काळ सोपवलेला असतो. क्लिकला तो भेद कळत नाही, त्यामुळे ती दोन्ही सारखीच बंद करते.

क्लिकचा जन्म सिनेमातला आहे. मेल्त्सेलने मेट्रोनोमचं पेटंट 1815 मध्येच घेतलं होतं, पण त्याचं मुख्य काम सरावाला गती दाखवण्याचं होतं. 1920च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आल्यावर हॉलिवूडच्या व्यंगपटांना पात्राच्या प्रत्येक पावलाशी जुळणारं संगीत हवं झालं. फिल्म सेकंदाला 24 चौकटी या वेगाने धावते, म्हणजे मिनिटाला 1,440 चौकटी. दर बाराव्या चौकटीला ध्वनिपट्टीवर छिद्र पाडलं, की मिनिटाला बरोबर 120 ठोके ऐकू येतात. मॅक्स स्टायनर यांनी 1935च्या 'द इन्फॉर्मर'मध्ये हे तंत्र कथापटात वापरलं. लय मोजायचं माप इथे गायकाच्या श्वासातून निघालं आणि फिल्मच्या चौकटीत जाऊन बसलं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. मुंबईच्या सिनेसंगीताचा सुवर्णकाळ क्लिकवाचूनच घडला ना? बरोबर. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर स्वरलिपी लिहून देत, मोठा वाद्यवृंद एका दालनात बसे, आणि गायकासह सगळं एकदमच ध्वनिमुद्रित होई. सगळे एकमेकांना ऐकत होते, समोर हात हलवणारा माणूस होता, तिथे टिकटिक कशाला लागावी? पुढे मल्टिट्रॅक आलं. आज तबला, चार दिवसांनी बासरी, गायक आणखी कधीतरी, तेही वेगळ्या शहरातून, अशी कामाची रीत पडली. जे एकत्र बसतच नाहीत त्यांना जुळवायला क्लिकवाचून इलाज नाही. म्हणजे जिवंतपणा आधी गेला तो माणसं वेगळी बसवल्यामुळे. क्लिक त्यानंतरची सोय आहे, आणि दोष तिच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

याचा पडताळा डोंबिवलीच्या रस्त्यावर मिळतो. श्री गणेश मंदिर संस्थानने 1999 मध्ये सुरू केलेल्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा पुढे सर्वदूर पसरली. अशा यात्रांतल्या ढोलपथकाची लय ताशा बांधतो. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो, म्हणून ताशापासून 34 मीटर मागे असलेल्या ढोलवाल्याला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. द्रुत वादनात एवढा उशीर उघडा पडतो. म्हणून पुढे उभा असलेला माणूस हाताने खूण करतो आणि मागच्या रांगा कानाइतक्याच डोळ्यांनीही वाजवतात. क्लिकशिवाय कित्येक ढोल एक होतात ते या परस्परांकडे असलेल्या लक्षामुळे. याच शहरांतल्या सभागृहांत कराओके ट्रॅकवर गाणारे हौशी गायकही भरपूर आहेत. त्यांच्या हौसेबद्दल मला आदरच आहे. पण अंतऱ्यानंतर श्वास पुरला नाही तर पेटीवाला अर्धी मात्रा थांबला असता. ट्रॅक थांबत नाही, आणि गायक हळूहळू थांबायचंच विसरतो.

दुसरा आक्षेप सरावाचा. घरोघरी लेहरा धरणारा कुठून आणायचा? इलेक्ट्रॉनिक तबला आणि आता फोनमधली ॲप यांनी एकट्या विद्यार्थ्याची फार मोठी अडचण दूर केली, हे निर्विवाद आहे. हात तयार होईपर्यंत न चुकणारं यंत्र चांगलाच मास्तर ठरतं. मात्र रोजचा रियाझ त्यावर झाला तरी शिक्षण त्याच्यावर सोपवता येणार नाही, कारण यंत्राबरोबर वाजवणारा पाळायला शिकतो, सांभाळायला आणि सांभाळून घ्यायला नाही. कल्याण गायन समाजासारखी जुनी संस्था ज्या पट्ट्यात उभी आहे, तिथल्या संगीतवर्गांना हे अवघड नाही. आठवड्यातला एक तास फोन बाजूला ठेवा. एकाने तबला वाजवावा, दुसऱ्याने पेटीवर लेहरा धरावा, बाकीच्यांनी हातावर ताल द्यावा, आणि मग जागा बदलाव्यात.