पडद्यावरचे हात आणि अंगणवाडीतले हात

सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या बालवाडीत सकाळी डोकावून पाहावे. चार वर्षांची पंचवीस-तीस मुले बसलेली असतात. कुणाच्या घरी तेलुगू बोलतात, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या मराठी तर कुणाच्या उर्दू. बाई काही न बोलता रंगीत कागदाच्या पट्ट्या हातात घेतात. एक पट्टी वरून, दुसरी खालून, पुन्हा एक वरून. थोड्याच वेळात मुलांचे हात चालू लागतात. कुणाची चटई जमते, कुणाची सुटते, पण काय करायचे आहे हे सर्वांना कळलेले असते. गोष्ट सांगायला भाषा लागते. हाताने करून दाखवायला ती फारशी लागत नाही.

मग हे ‘करून दाखवणे’ दूरचित्रवाणीवरून एकाच वेळी हजारो बालवाड्यांत का पोचवू नये? हा प्रश्न नवा नाही. जगात तो साठ वर्षांपूर्वी विचारला गेला आणि आपल्या देशात सुमारे पन्नास वर्षांपूर्वी. त्याची उत्तरे शोधताना काय हाती लागले, हे शिक्षकांनी समजून घेण्याजोगे आहे. कारण आज तोच पडदा लहान होऊन मोबाइलच्या रूपाने घराघरांत आला आहे.

चौकोनी, गोल आणि कमानी खिडक्या

२० एप्रिल १९६४ रोजी लंडनमध्ये बीबीसीची दुसरी वाहिनी सुरू व्हायची होती. त्या रात्री वीज गेली आणि उद्घाटन फसले. दुसऱ्या दिवशी सकाळी या वाहिनीवर जो पहिला ठरलेला कार्यक्रम दिसला, तो पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. त्याचे नाव ‘प्ले स्कूल’. गाणी, गोष्टी आणि घरातल्या टाकाऊ खोक्या-डब्यांपासून काहीतरी बनवणे, असे त्याचे स्वरूप होते. चौकोनी, गोल आणि कमानी खिडक्यांपैकी एकीतून मुलांना बाहेरचे जग दाखवले जाई. हा कार्यक्रम १९८८ पर्यंत चालला.

त्याच वर्षी बीबीसीने बहिऱ्या मुलांसाठी ‘व्हिजन ऑन’ सुरू केले. ऐकू न येणाऱ्यांसाठीचा कार्यक्रम म्हणून त्यात शब्द कमी आणि चित्रे जास्त ठेवली होती. टोनी हार्ट हे चित्रकार त्यात चित्रे काढून दाखवत. मुलांनी पाठवलेली चित्रेही ‘चित्रदालनात’ दाखवली जात. गंमत अशी की, ऐकू येणाऱ्या मुलांनाही हा कार्यक्रम तितकाच आवडला. शब्दांवाचून समजेल असे दाखवायचे ठरवले की ते सर्वांनाच समजते! पुढे याच परंपरेत २००७ साली बालवाडीच्या वयासाठी ‘मिस्टर मेकर’ हा निव्वळ कलेचा कार्यक्रम आला. त्यात ‘एका मिनिटात बनवा’ असाही एक भाग असे.

या ‘एका मिनिटा’पाशी थोडे थांबू. पडद्यावरच्या मोठ्या माणसाचे सराईत हात एका मिनिटात मासा बनवतात. चार वर्षांच्या मुलाला डिंकाचे झाकण उघडायलाच तेवढा वेळ लागतो. पडद्यावरचा वेळ आणि मुलाचा वेळ यांत असे अंतर असते.

दोन वर्षांच्या मुलाला पडद्यावर काय दिसते?

दुसरे अंतर याहून खोल आहे. अमेरिकेत जॉर्जिन ट्रोसेथ आणि ज्यूडी डिलोश या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारच्या खोलीत एक माणूस खेळणे लपवत आहे, हे दोन वर्षांच्या मुलांना दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दाखवले. मग मुलांना त्या खोलीत नेऊन खेळणे शोधायला सांगितले. बहुतेकांना ते सापडेना. तीच कृती खिडकीतून पाहिलेल्या मुलांना मात्र ते सहज सापडले. अडीच वर्षांच्या मुलांना पडद्यावरून पाहूनही बरेच जमू लागले होते.

म्हणजे ‘पडद्यावर जे घडते ते माझ्या आसपासच्या खऱ्या जगाविषयी आहे’, हे मूल जन्मतः जाणत नाही. ते त्याला शिकावे लागते. ट्रोसेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पडद्यावरची व्यक्ती आधी पाच मिनिटे मुलाशी खरोखर बोलली, त्याचे नाव घेतले, त्याच्या उत्तराला उत्तर दिले, तर दोन वर्षांचे मूलही तिच्या सांगण्याचा उपयोग करते. अडचण काचेची नव्हती. पलीकडचा माणूस आपल्याला प्रतिसाद देत नाही, ही अडचण होती.

कार्यक्रम बनवणाऱ्यांनाही याची जाणीव होत गेली. नोव्हेंबर १९६९ मध्ये अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झाले. त्यापूर्वी एडवर्ड पामर हे संशोधक मुलांसमोर कार्यक्रम लावत आणि शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी चित्रे दाखवत. मुलाची नजर तिकडे वळली की त्या क्षणी कार्यक्रम रटाळ झाला, अशी नोंद होई. १९९६ मधल्या ‘ब्लूज क्लूज’ने पुढचे पाऊल टाकले. त्यातला निवेदक प्रश्न विचारून थांबत असे, आणि एकच भाग सलग पाच दिवस दाखवला जाई. मोठ्यांना याचा कंटाळा येईल. पण मुलांची समज पुन्हा पुन्हा पाहण्याने वाढत होती, आणि ती पडद्याला उत्तरे देण्यातही अधिकाधिक भाग घेत होती.

सोलापूरच्या शेजारी उतरलेला उपग्रह

आता आपल्याकडे येऊ. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग केला. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेतला होता. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत संच बसवले गेले. प्रत्येक संचासाठी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री होती. कार्यक्रमाची धुरा सांभाळणारे एकनाथ चिटणीस हे मराठी शास्त्रज्ञ होते, तर अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक होते यश पाल.

कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे या प्रयोगात होते. यांपैकी पहिले दोन सोलापूर जिल्ह्याला लागून आहेत. पण महाराष्ट्र सहा राज्यांत नव्हता. रोज सकाळी दीड तास शाळेतल्या मुलांसाठी असे. हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड या चार भाषांना प्रत्येकी साडेबावीस मिनिटे. उपग्रहावर चित्राची वाहिनी एक होती आणि ध्वनीच्या दोन. त्यामुळे तेच चित्र एकाच वेळी दोन भाषांत ऐकवता येई. तेलुगू आणि कन्नड बोलणारी मुले एकाच वर्गात बसतात त्या सोलापूरला ही कल्पना किती उपयोगी पडली असती!

मुलांच्या कार्यक्रमांत विज्ञानाचा वाटा मोठा होता आणि हाताने करून पाहण्यावर भर होता. प्रयोगाच्या मूल्यमापनात मुलांची भाषा आणि शाळेबाहेरून ज्ञान मिळवण्याची ओढ वाढल्याचे दिसले. परीक्षेतल्या गुणांत मात्र ठळक फरक पडला नाही. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळी आहे. हे कार्यक्रम ५ ते १२ वयोगटासाठी होते. त्याखालचे मूल त्यात नव्हते.

पुढे १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि शैक्षणिक कार्यक्रम बनवण्यासाठी राज्याराज्यांत संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. मराठीतून मुलांसाठी हजारो कार्यक्रम बनवणारी ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. इन्सॅटच्या शैक्षणिक प्रक्षेपणाचे वयोगट होते ५ ते ८ आणि ९ ते ११. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी आणि प्रयोग करून दाखवणारे १२५ चित्रपट सादर केले. ते दूरदर्शनवरून देशभर दिसले. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांचे हे काम आणखी वाढले. आपल्याकडच्या ‘हातांच्या’ कार्यक्रमांत हे काम सर्वांत मोलाचे, पण तेही मुख्यतः शाळकरी वयासाठी होते. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली, ती पहिली ते आठवीसाठी. बालवाडीच्या वयासाठी २००६ साली ‘गली गली सिम सिम’ आले, ते हिंदीतून.

थोडक्यात, शिक्षणासाठीचा पडदा प्रत्येक टप्प्यावर पाचव्या-सहाव्या वर्षापासून सुरू झाला. अडीच ते पाच वर्षांच्या मराठी मुलासाठी, त्याच्या भाषेत, चित्र काढण्या-बनवण्याचा सातत्याने चालणारा कार्यक्रम या इतिहासात सापडत नाही.

दोन महिन्यांचे अंतर

आता एक तारीख लक्षात घ्या. ‘साइट’ सुरू झाले १ ऑगस्ट १९७५ रोजी. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तीच आपली अंगणवाडी. एक योजना उपग्रहातून खेड्यात उतरली, दुसरी ताई-बाईंच्या रूपाने. दोन्हींचे लक्ष मुलांकडे होते, पण त्यांची गाठ पडली नाही.

अंगणवाडीमागचा विचार महाराष्ट्राचा होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरीची महागडी साधने खेड्याला परवडणार नव्हती. म्हणून त्यांनी बिया, पाने, शंख-शिंपले, माती यांतून साधने बनवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. मुलाला प्रतिसाद देणारे माणूस आणि त्याच्या ओळखीच्या वस्तू, ही दोन्ही तिथे होती. ट्रोसेथ यांच्या प्रयोगात पडद्याला जे जमत नव्हते, ते अंगणात रोज घडत होते.

मग पडद्याचे काय करायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासाहून अधिक दाखवू नये; कमी असेल तर अधिक चांगले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. त्यामुळे शाळेतील शिक्षकांचाही या वयाशी संबंध येऊ लागला आहे, आणि चित्रफितींचा मारा तर त्यांच्या मोबाइलवर रोजच होतो.

वरच्या इतिहासातून काही साध्या सूचना निघतात. चित्रफीत दोन-तीन मिनिटांचीच दाखवावी आणि बंद करावी. करण्याचा वेळ त्याच्या दसपट असावा. तीच चित्रफीत दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायला संकोच करू नये. मध्येच थांबवून ‘आता काय होईल?’ असे विचारावे, म्हणजे पडदा देऊ शकत नाही तो प्रतिसाद बाई देतील. पडद्यावरची चकचकीत सामग्री शोधू नये. सोलापुरात मागावरचे उरलेले रंगीत सूत आहे, ज्वारीच्या धाटाची बैलगाडी आहे, बेंदराच्या बैलांची माती आहे, तेलुगू घरांच्या उंबऱ्यावरचा मुग्गू आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तयार वस्तूचा नमुना भिंतीवर लावून ‘असेच करा’ म्हणू नये. अमेरिकेत ऱ्होडा केलॉग यांनी लहान मुलांची सुमारे दहा लाख चित्रे जमवून अभ्यासली. मुले जगात कुठेही वाढली तरी रेघोट्यांपासून वर्तुळाकडे, वर्तुळापासून हातपाय फुटलेल्या गोल माणसाकडे अशीच वाटचाल करतात, असे त्यांना दिसले. तीन वर्षांचे मूल अनेकदा आधी रेघोट्या ओढते आणि मग ‘हा आजोबा’ असे नाव देते. पडद्यावरचा माणूस आधी ‘मासा’ म्हणतो आणि मग मासा काढतो. मुलाचा क्रम उलटा आहे. तो चुकीचा नाही. तो त्याच्या वयाचा आहे.

पुढच्या आठवड्यात हे करून पाहा. चित्रफीत दाखवून मुलांनी काढलेली दहा चित्रे आणि काहीही न दाखवता काढलेली दहा चित्रे शेजारी शेजारी मांडा. दोन्हींकडे नीट पाहा, आणि प्रत्येक मुलाला त्याच्या चित्राची गोष्ट विचारा. कुठल्या चित्रांच्या गोष्टी लांब आहेत, हे टिपून ठेवा. पडदा कधी लावायचा आणि कधी नाही, हे ठरवताना ती नोंद तुमच्या उपयोगी पडेल.