पावसात गाडी दारातच उभी? आधी बॅटरी तपासा

बेळगाव : पावसाचा जोर वाढला की अनेकांची कार पंधरा-पंधरा दिवस दारातच उभी राहते. मग एके दिवशी घाईत चावी फिरवावी, तर नुसता टकटक आवाज! उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म थोडी थोडी वीज खात असतात. त्यामुळे नवी बॅटरी आणण्याआधी जुनी फक्त उतरली आहे की खरंच गेली आहे, ते बघावे.

व्होल्ट किती?
गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली बॅटरी तशीच ठेवू नका. शिशाच्या प्लेटवर सल्फेटचा थर कडक होतो आणि मग ती चार्ज धरत नाही.

चार्ज करताना
क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका करंट सुरक्षित समजला जातो. 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीला 3.5 अँपिअर. प्लसला प्लस, मायनसला मायनस चिमटा लावून मगच स्विच सुरू करा. चार्जिंगवेळी हायड्रोजन वायू निघतो. एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून जागा हवेशीर हवी, जवळ विडी-सिगारेट नको. फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी चार्जला लावूच नका.

देखभाल
• गाडी जागेवरच पाच मिनिटे सुरू ठेवून भागत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास चालवा.
• झाकणे असलेल्या बॅटरीत पाणी कमी झाल्यास खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाचे पाणी किंवा ॲसिड नको.
• टर्मिनल काढताना आधी मायनस, बसवताना आधी प्लस.
• टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडे करून व्हॅसलिन लावा. हातमोजे घालाच.

पूर्ण चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी बॅटरी उतरली, तर गाडीत कुठे वीज गळते का, हे गॅरेजमध्ये तपासून घ्या. तसे काही नसेल तरच नवी घ्या. जुनी कचऱ्यात न टाकता दुकानदाराला परत द्या. त्यात शिसे आणि ॲसिड असते, शिवाय तिचे पैसेही मिळतात.