छपराचा खर्च आणि देणाऱ्याचा होकार

बेंगळुरूच्या पश्चिमेकडील राजाजीनगर हे उपनगर स्वातंत्र्यानंतर आखले गेले आणि त्यास चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव मिळाले. याच राजाजींनी 1953 साली मद्रास राज्याचे मुख्यमंत्री असताना शाळागृहांचा प्रश्न एका विलक्षण रीतीने सोडवू पाहिला होता. मुले वाढत होती, खोल्या व शिक्षक अपुरे होते आणि तिजोरी रिकामी होती. तेव्हा खेड्यांतील प्राथमिक शाळा तीन-तीन तासांच्या दोन पाळ्यांत भरवावी, म्हणजे त्याच छपराखाली दुप्पट मुले शिकतील, असा त्यांनी हिशेब मांडला. हिशेबात चूक नव्हती. परंतु उरलेल्या वेळी मुलाने बापाचा धंदा शिकावा, या पुरवणीत लोकांना जातिव्यवस्थेचा वास आला. योजना अंमलात आणण्यापूर्वी विधिमंडळाला विचारण्याची तसदीही घेतलेली नव्हती. 1954 साली राजाजींना पद सोडावे लागले व कामराजांनी योजना मोडीत काढली.

छप्पर अपुरे पडले तर पैसा कोणी द्यावा, हा प्रश्न सर्वत्र सारखाच आहे. देणाऱ्याला विचारावे की नाही, येथे मात्र देशोदेशीच्या वाटा फुटतात. अमेरिकेत शाळांचा कारभार पाहणारी स्थानिक मंडळे इमारतींसाठी कर्जरोखे काढतात आणि पुष्कळ राज्यांत त्यापूर्वी मतदारांचा कौल घेतात. होकार देणे म्हणजे बहुधा स्वतःच्याच घरपट्टीत भर घालून घेणे. कॅलिफोर्नियात या होकारासाठी दोन-तृतीयांश मते लागत. 2000 साली मतदारांनीच ही अट 55 टक्क्यांवर आणण्याची वाट मोकळी केली.

आपल्याकडे कर आधी आला, मत फार मागाहून. मुंबई इलाख्यात 1860 नंतरच्या दशकात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्यातील एक-तृतीयांश वाटा शाळांचा होता. कुणब्याने आणा दिला, पण त्याच्या गावी शाळा निघेलच, अशी हमी त्याला कोणी दिली नाही. जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्याचा मुख्य रोख हाच होता: सरकारचे उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांस होतो. आपल्यापैकी ज्यांनी अंदाजपत्रके तयार केली आहेत, त्यांनी हे निवेदन केवळ समाजसुधारणेचा दस्तऐवज म्हणून वाचू नये. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू समोरासमोर ठेवून केलेली ती एक कठोर तपासणी आहे.

पुढे 1911 साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्थानिक संस्थेची इच्छा असेल तर तिने आपल्या हद्दीत सक्ती करावी, त्यासाठी कर बसवावा आणि खर्चाचा एक-तृतीयांश भार स्वतः उचलावा, इतकीच त्यांची माफक मागणी होती. मार्च 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. त्या 38 जणांत सरकारी सभासदांचा भरणा होता. आपल्या पेशाच्या इतिहासातील तो दिवस काही भूषणावह नव्हे.

गोखल्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, 1918 साली, विठ्ठलभाई पटेलांनी तीच कल्पना मुंबईच्या कायद्यात उतरविली. नगरपालिकेने ठराव करावा, सक्ती लागू करावी आणि तीसाठी कर बसवावा. लोकांनी निवडलेल्या माणसाने लोकांसमक्ष हात वर करून त्यांच्याच घरावर शाळेसाठी कर घ्यावयाचा, आणि पुढच्या निवडणुकीस त्यांच्याच दारी जावयाचे! मतदार तेव्हा थोडे होते, हे खरे. तरीही मतदारांच्या कौलाच्या इतके जवळ आपण क्वचितच गेलो असू.

त्यानंतर करवसुली वरवर सरकत गेली. महाराष्ट्राने 1962 साली शिक्षणकराचा कायदा केला. पुण्यात ज्यांचे घर आहे त्यांना तो मालमत्ताकराच्या बिलात दिसतो. 2004 साली केंद्राने दोन टक्के शिक्षण उपकर बसविला, 2007 साली माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का. या एका टक्क्याचे दहा वर्षांत 83 हजार कोटींहून अधिक रुपये जमले आणि त्यांसाठी स्वतंत्र निधीच उघडलेला नव्हता, असे महालेखापरीक्षकांना आढळले. फुल्यांना त्यात नवे काही वाटले नसते.

बेंगळुरूने तर 1997 साली भारतात सर्वप्रथम महापालिकेचे कर्जरोखे काढले, 125 कोटींचे. ते रस्ते व गटारांसाठी होते, शाळांसाठी नव्हे; आणि होकार विचारला गेला तो गुंतवणूकदारांना. सप्टेंबर 2020 मध्ये येथील पालिकेची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे या शहरास निवडलेली पालिकाच नव्हती. घरपट्टी मात्र राजाजीनगरच्या प्रत्येक घराने दर वर्षी भरली.