कोटीत सतरा पैसे

पाहुण्याला 'थंड घेणार की गरम?' असं विचारणं हा मराठी घरातला निम्मा पाहुणचार. उरलेला निम्मा म्हणजे तो 'काही नको' म्हणेल ही आशा. ५ ऑगस्ट २००३ रोजी यातलं 'थंड' एकाएकी बाद झालं.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने त्या दिवशी जाहीर केलं की, तपासलेल्या बारा शीतपेयांत लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस असली कीटकनाशकं आहेत. सरासरीने युरोपच्या मर्यादेच्या चौतीस पट! कोकाकोला आणि पेप्सी हे जन्माचे वैरी एकत्र पत्रकारांपुढे बसले. संसदेच्या उपाहारगृहातून बाटल्या हद्दपार झाल्या आणि शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. आधीच्या तीन समित्या बोफोर्सच्या तोफांवर आणि शेअरबाजाराच्या दोन घोटाळ्यांवर, चौथी सरबतावर!

मी तेव्हा बँकेत नवा होतो. आमचे हेडक्लार्क पेपर आपटून म्हणाले, "चौतीस पट कशाच्या? अहो, मर्यादाच मुळी अब्जात अर्धा भाग! म्हणजे कोटी रुपयांत अर्धा पैसा. त्याचे चौतीस पट, सतरा पैसे. कोटीत सतरा पैशांसाठी एवढा गोंधळ?"

हिशेब बिनचूक होता. पण याच गृहस्थांनी महिन्यापूर्वी अकरा पैशांच्या फरकापायी आम्हाला रात्री नऊपर्यंत बसवून ठेवलं होतं. "साहेब, मी खिशातून भरतो," म्हटल्यावर म्हणाले होते, "पैशांचा प्रश्न नाही रे. आले कुठून, ते कळलं पाहिजे. अकरा पैशांच्या बुडाशी हजारांच्या दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात."

मी त्यांना त्या रात्रीची आठवण दिली. पेपरची घडी घालून ते चहाला गेले.

फेब्रुवारी २००४ मध्ये समितीने संस्थेचे निष्कर्ष मान्य केले आणि शीतपेयांसाठी मर्यादा ठरवा म्हणून सांगितलं. पण सतरा पैसे आले कुठून? एक वाट पाण्याची. पिकावर फवारलेलं पावसाबरोबर जमिनीत मुरतं, विहिरीत उतरतं. आणि त्या विषाला आपण म्हणतो काय, तर 'औषध'!

घरी आईने फर्मान काढलं होतं, "आता पाहुण्यांना फक्त चहा."

"आई, चहाचं पाणी कुणी तपासलंय?"

"अरे, उकळते ना चांगलं!"

"उकळून जंतू मरतात. डीडीटी मारणाऱ्यांतलं आहे, मरणाऱ्यांतलं नव्हे."

आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "बाटलीवाल्याला जाब विचारायला समिती बसली. आपल्या नळाला कोण विचारणार?"

फरक अजून सापडलेला नाही. आम्ही मात्र त्या दिवशीची वही मिटून केव्हाच घरी गेलो आहोत. बोला, थंड घेणार की गरम?